आत्याआजी आणि डाव्या गालावरचा उजेड

सूर्य नेमका कशासाठी उगवतो, हे या पृथ्वीवर एकट्या माझ्या नणंदेला ठाऊक आहे. पिकं वाढवणं, कपडे वाळवणं, पापड कडक करणं हे सगळे त्याचे जोडधंदे. त्याचं मुख्य काम म्हणजे माणसाच्या डाव्या गालावर तिरकं पडणं आणि डोळ्यांत एक बारीक पांढरा ठिपका उमटवणं. हे काम तो सकाळी लवकर आणि संध्याकाळी उतरताना बऱ्यापैकी करतो. मधल्या वेळात मात्र तो डोक्यावर चढून बसतो, भल्याभल्यांच्या डोळ्यांखाली काळे खड्डे पाडतो आणि नाकाखाली मिशा काढतो. त्याबद्दल माझी नणंद त्याला रोज बोल लावते. "बघा वहिनी, चढला मेला माथ्यावर. आता चार वाजेपर्यंत याचा काही उपयोग नाही," असं ती गॅलरीतून आकाशाकडे बघत म्हणते, तेव्हा एखाद्या कामचुकार शिपायाबद्दल बोलतेय असंच वाटतं.

मुलांनो, तुम्ही तिला आत्याआजी म्हणता. ती तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. आम्ही हैद्राबादेत विद्यानगरला राहतो आणि ती जवळच, बरकतपुऱ्याला. तिची सगळी नोकरी रेल्वेत तिकीट तपासण्यात गेली. तिचं म्हणणं असं की, तिकीट मागितल्यावर खिशात हात घालायच्या आधी माणसाचा जो चेहरा होतो तो त्याचा खरा चेहरा, आणि असे खरे चेहरे तिने इतके पाहिलेत की कुणी तिला खोटा दाखवूच शकत नाही. निवृत्तीला तिच्या खात्यातल्या लोकांनी तिला एक चांगला मोबाइल भेट दिला. त्यांनी तो बोलण्यासाठी दिला होता. तिने त्यावर बोलणं जवळजवळ बंद केलं आणि माणसांचे फोटो काढायला सुरुवात केली. फक्त माणसांचे, फक्त उघड्यावर आणि फक्त दोन मिनिटांत. फुलं, पक्षी, डोंगर यांच्याकडे ती बघतही नाही. "मोराला काय सांगायचं? मान खाली घे म्हटलं तर घेतो का तो?" असा तिचा सवाल असतो.

तिने बरकतपुऱ्याचं घर कसं घेतलं ते तुमच्या आईला विचारा. बिल्डरचा माणूस तिला फरशा दाखवत होता, नळ सोडून दाखवत होता. हिने त्याला उचलून गॅलरीत स्टुलावर बसवलं, इकडे वळवलं, तिकडे वळवलं आणि म्हणाली, "घेतलं घर." गॅलरी उत्तरेला आहे, ऊन आत येत नाही, पण समोरच्या पांढऱ्या भिंतीवरचा उजेड दिवसभर आत येतो. असा उजेड, ती म्हणते, पायलीभर रुपये देऊनही मिळत नाही. स्वयंपाकघर मात्र इतकं अरुंद आहे की पोळी लाटताना तिचं कोपर बाहेरच्या खोलीत येतं. आजोबांनी एकदा हे तिला दाखवलं, तर म्हणाली, "दादा, पोळी मला लाटायचीय, तिचा फोटो काढायचा नाही."

रस्त्यात तर ती कुणालाही थांबवते. एकदा आम्ही दोघींनी चौरस्त्यावर ऑटोला हात केला. ऑटोवाला थांबला आणि हिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. झालं. "भैया, जरा ऑटो घुमाव इधर कू," ती म्हणाली. त्याने घुमवला. "किधर जाना अम्मा?" "जाना बाद में. मुँह छाँव में रखो, नजर उजाले में. हौ, ऐसाच." मागे चार गाड्या भोंगे वाजवत होत्या. ऑटोवाल्याने घाबरून विचारलं, "अम्मा, पुलिस से हैं क्या?" हिने त्यावर फक्त "सुबह क्या खाए?" असं विचारलं, आणि तो आठवायला लागला तेवढ्यात फोटो काढला. हा तिचा हातखंडा. हसा म्हटलं की माणूस दात दाखवतो, गंभीर व्हा म्हटलं की पोलिसात जबाब द्यायला बसल्यासारखा दिसतो. पण काहीतरी आठवायला लावलं की चेहरा आतून उजळतो. तो ऑटोवाला पुढे कितीतरी दिवस आमच्या गल्लीतून जाताना उगाच भोंगा वाजवून हिला सलाम करायचा.

उजेडाइतकीच ती मागच्या जागेवर कडक. माणसाच्या डोक्यातून खांब उगवलेला तिला खपत नाही. विजेचा खांब, झाड, नळाचा पाइप, दुसऱ्या माणसाचा हात, काहीही उगवलेलं दिसलं की ती स्वतः सरकते, समोरच्याला सरकवते, आणि दोन्ही जमलं नाही तर फोटो काढत नाही. नांदेडहून माझे मामेसासरे आले होते. त्यांना चारमिनारसमोर फोटो हवा होता, गावात दाखवायला. हिने पाहिलं तर एक मिनार बरोबर त्यांच्या टोपीतून वर निघालेला. "मामा, दोन पावलं डावीकडे." मामा सरकले. "अजून थोडं. ऊन लागतंय नाकाला. अजून." असं करत करत मामा बांगड्यांच्या दुकानाच्या पडवीत पोचले, तिथे सावली सुरेख होती, आणि फोटो निघाला. मामांनी चष्मा लावून तो पाहिला. "अगं, यात चारमिनार कुठाय?"

"चारमिनार आहे तिथंच आहे, मामा. तो उद्याही दिसेल. तुम्ही पुन्हा असे दिसाल का?"

मामा गावी परत जाईपर्यंत रुसलेले होते. पण तो फोटो आज त्यांच्या बैठकीच्या खोलीत समोरच्या भिंतीवर आहे, आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगतात की हा हैद्राबादेत काढलेला आहे. मागे चारमिनार आहे, फक्त दिसत नाही.

तुमच्या आजोबांच्या निवृत्तीचा सत्कारही मी सांगायला हवा. प्रमुख पाहुणे खिडकीला पाठ करून बसले होते, म्हणजे फोटोत नुसता काळा ठोकळा आला असता. हिने संयोजकांच्या कानात काही सांगितलं, आणि बघता बघता अख्ख्या सभागृहाने आपापल्या खुर्च्या उचलून उलट्या फिरवल्या. जिथे व्यासपीठ होतं तिथे शेवटची रांग झाली आणि प्रमुख पाहुणे चहाच्या टेबलाशेजारी जाऊन बसले. त्यांच्या सगळ्या भाषणात मागे कपबश्या वाजत होत्या. भाषण काय झालं ते कुणालाच आठवत नाही. फोटो मात्र असे निघाले की पाहुण्यांनी स्वतः फोन करून मागवून घेतले.

विहारात तर तिचं राज्यच. पौर्णिमेला आम्ही सगळ्या बायका पांढऱ्या साड्या नेसून जातो, हे तुम्ही पाहिलंय. माझ्या नणंदेने शोध लावला की पांढऱ्या साडीवर पडलेला उजेड उलटतो आणि समोरच्या माणसाच्या हनुवटीखालची सावली पुसून टाकतो. तेव्हापासून वंदना संपली की खीर वाटायच्या आधी ती सगळ्यांना अंगणात कडुलिंबाच्या कडेला घेऊन जाते. निम्म्या बायका फोटोसाठी उभ्या आणि निम्म्या त्यांच्यापुढे खाली बसून पदर पसरलेल्या. मग अदलाबदल. "अगं, खीर निवली की!" अशी मागून ओरड होते. "खीर पुन्हा तापते, उजेड तापवता येत नाही," असं ती म्हणते. एकदा तर तिने थेट भंतेजींनाच सांगितलं, "भंतेजी, तुमच्या चीवराने सगळ्यांचे गाल केशरी होतायत. जरा चार पावलं मागे सराल का?" आम्ही सगळ्या जागच्या जागी गार. भंतेजी हसले आणि मागे सरले. त्या दिवसापासून तिच्या पिशवीत पाण्याची बाटली, चष्म्याचं घर आणि एक घडी केलेली जुनी पांढरी साडी कायम असते.

अशा या बाईपुढे सगळं शहर मान वळवून उभं राहिलं, पण घरातली एक मुलगी राहिली नाही. ती म्हणजे तुमची प्रज्ञामावशी.

तुमची आई लग्न होऊन तिकडे गेली त्यानंतरची गोष्ट. आपल्या समाजाचा वधू-वर परिचय मेळावा भरतो आणि त्याची एक पुस्तिका निघते. त्या पुस्तिकेसाठी प्रज्ञाने एका स्टुडिओत फोटो काढला. आता आपल्या घराचा रंग तुम्हाला माहीत आहे; तो आपल्याला काळ्या मातीकडून मिळालेला आहे, आणि प्रज्ञाकडे तो सगळ्यात भरून आलाय. स्टुडिओवाल्याने कुणी न सांगता, आपल्या मनाने, तिला दुधात बुडवून काढलं. गाल गुलाबी केले. कपाळावरचा लहानपणी पडल्याचा व्रण पुसला. पुस्तिकेतल्या सगळ्याच मुली अशा एकाच दुधातून निघालेल्या होत्या, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटलं नाही. पुढे परभणीकडची मंडळी बघायला आली. दार प्रज्ञानेच उघडलं. मुलाची आई चांगल्या स्वभावाची बाई, चपला काढता काढता तिला म्हणाली, "बाळा, प्रज्ञाला सांग, पाहुणे आलेत म्हणून."

प्रज्ञा म्हणाली, "सांगते, बसा." ती आत गेली, पाणी घेऊन आली, सगळ्यांना दिलं आणि समोरच्या खुर्चीवर बसली. त्या बाईंनी हातातली पुस्तिका पाहिली, प्रज्ञाला पाहिलं, पुन्हा पुस्तिका पाहिली. "फोटोत जरा..." त्या म्हणायला लागल्या. "तो फोटो माझा नाही, काकू," प्रज्ञा शांतपणे म्हणाली, "तो फोटोवाल्याचा आहे."

नंतर आम्ही या गोष्टीवर खूप हसलो. प्रज्ञाही हसली. ती मंडळी पुन्हा आली नाहीत, त्याचं तर तिला काहीच वाटलं नाही. पण त्या दिवसापासून ती कुठल्याच फोटोत दिसेना. वाढदिवस असो, बारसं असो, "मी काढते ना, तुम्ही उभे राहा," म्हणत ती मोबाइलच्या मागे. कुणी आग्रह केला तर नेमका तिला फोन यायचा. तुमच्याकडे असलेले त्या काळातले आमचे फोटो काढून बघा. त्यात मी आहे, आजोबा आहेत, शेजारच्यांचं मांजरसुद्धा आहे. मावशी नाही. माझ्या नणंदेने हर तऱ्हेने प्रयत्न केले. झाडाआडून केले, आरशातून केले, वाढलेलं ताट पुढ्यात ठेवून केले. प्रज्ञा दर वेळी हातावर तुरी देऊन निसटायची. "वहिनी, सगळी जिंदगी तिकिटं तपासली," नणंद मला म्हणायची, "आणि घरचीच पोरगी रोज विनातिकीट निघून जाते." हे ती हसत म्हणायची, पण त्या दिवशी मग कुणाचाच फोटो काढायची नाही. तिला फोटोची हौस होती म्हणून नव्हे. प्रज्ञा आपलाच चेहरा चुकवायला शिकतेय, हे तिला दिसत होतं.

मग ते उन्हाळी वादळ झालं. प्रज्ञा वीज खात्यात इंजिनिअर आहे, हे तुम्ही सगळ्यांना सांगता, तसंच मीही सांगते. झाडं तारांवर पडून तिच्या भागातला निम्मा पसारा अंधारात गेला होता. तिच्या हाताखालच्या माणसांना घेऊन ती पावसात उभी राहिली आणि वीज परत आणूनच घरी आली. खात्याच्या मासिकाने तिच्यावर लेख लिहायचं ठरवलं आणि फोटो मागितला, संध्याकाळपर्यंत. सुटीचा दिवस होता. मी विचारलं, "कुठला पाठवणार?"

"स्टुडिओतलाच. तयार आहे."

"अगं, पण तो..."

"आई, एकदा गोरी झालेय तर होऊ दे. कोण बघतंय?"

मी आत जाऊन नणंदेला फोन केला. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "वहिनी, तुम्हाला लायब्ररीत पुस्तक परत करायचं असेल ना?" मला करायचं नव्हतं. "करायचंय," मी म्हटलं.

अफझलगंजची ती जुनी लायब्ररी तुम्ही पाहिलेली आहे. उंच दगडी दर्शनी कमान, रुंद पायऱ्या. दुपार कलल्यावर कमानीखाली दाट सावली असते आणि समोरचं अंगण उन्हाने पांढरं झालेलं असतं. अशी जागा म्हणजे माझ्या नणंदेचं माहेर. प्रज्ञा आम्हाला गाडीने घेऊन आली. लायब्ररी बंद होती. पायरीजवळ वॉचमन बसला होता.

"अरे, बंद आहे," प्रज्ञा म्हणाली. "आई, फोन करून विचारायचं तरी."

पण नणंद वॉचमनसमोर जाऊन उभी राहिली होती. "भाई, एक फोटो लेती तुम्हारा."

"नक्को अम्मा. अंदर फोटू मना है."

"अंदर कौन जा रा? तुम बाहर बैठे हैं ना?"

"मेरा कैकू?"

"घर में है क्या तुम्हारा एक ढंग का फोटो?"

"है ना, शादी का," तो म्हणाला, आणि थोडा विचार करून पुढे म्हणाला, "पन उसमें मैं नई दिखता. हार दिखता."

त्यावर प्रज्ञा हसली. नणंदेने पिशवीतून पांढरी साडी काढली आणि तिच्याकडे न बघताच तिच्या हातात दिली. "धर ग जरा. याच्या हनुवटीखाली उजेड पाहिजे." प्रज्ञा दोन पायऱ्या खाली, उन्हाच्या कडेला, साडीची चौघडी दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी राहिली. इंजिनिअरच ती; तिला राहवेना. "आत्या, डाव्या बाजूला कमी पडतोय. मी पुढे येऊ का?" "ये. बस खालच्या पायरीवर. वर धर." वॉचमनने टोपी सरळ केली, छाती फुगवली. नणंदेने त्याला मान खाली घ्यायला लावली, त्याच्यामागची झाडूची काठी मला हलवायला लावली, आपण गुडघ्यावर बसली. तिचे गुडघे कसे आहेत ते तुम्हाला माहीत आहे. मोबाइल वॉचमनवर धरलेला. आणि त्याच आवाजात, मान न वळवता, तिने विचारलं, "प्रज्ञा, त्या वादळात पहिली लाइट कुठं आली ग?"

"दवाखान्यात," प्रज्ञा म्हणाली. "बाळंतिणींच्या वॉर्डात. सगळ्या बायका एकदम ओरडल्या, आत्या. खालपर्यंत ऐकू आलं आम्हाला."

पांढऱ्या साडीचा उजेड वॉचमनवर जायला निघाला होता खरा, पण जो धरतो त्याच्यावर तो आधी पडतो. मोबाइल केव्हा फिरला ते मीही पाहिलं नाही.

प्रज्ञाला कळलं तेव्हा ती उठून उभी राहिली. "आत्या, दाखव. आणि पुसून टाक."

नणंदेने मोबाइल तिच्या हातात दिला. प्रज्ञाने पाहिलं. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि नकाशा तपासावा तसा इकडून तिकडे तपासला. "व्रण दिसतोय," ती म्हणाली. "आहेच तो," नणंद म्हणाली. "हो," प्रज्ञा म्हणाली. तेवढ्यात वॉचमन मागून डोकावला. आपला फोटो अजून निघालाच नाही हे त्याच्या लक्षात आलेलं नव्हतं. त्याने मोबाइलकडे पाहिलं, प्रज्ञाकडे पाहिलं आणि पसंतीची मान हलवून म्हणाला, "बराबर आपिच हैं, मॅडम."

प्रज्ञाने फोटो पुसला नाही. तिने साडी पुन्हा उचलली आणि पायरीवर बसली. "आता यांचा काढ, आत्या. नीट काढ."

संध्याकाळी मासिकातून फोन आला. फोटो छान आहे, चेहरा जरा उजळून घेतो, असं तिकडचा माणूस म्हणत असावा, कारण तुमची मावशी आमच्या जेवणाच्या टेबलाशी उभी राहून म्हणाली, "नाही. चेहऱ्याला हात लावायचा नाही. छपाईत काळा आला तर येऊ द्या. मी काळीच आहे, आणि फोटो सुंदर आलाय." आजोबांनी हातातला घास खाली ठेवला. मी माझ्या मुलींचे पुष्कळ निकाल ऐकले, बढत्या ऐकल्या. पण त्या वाक्याने झाली इतकी ताठ माझी मान कधी झाली नव्हती.

मासिक आलं. आजोबांनी ते गल्लीत सगळ्यांना दाखवलं, दूधवाल्यालासुद्धा. नणंदेने ते हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं आणि रागावली. "पोरगी बघत होती त्या बाजूला मी जागा ठेवली होती. कापली मेल्यांनी!" त्यानंतर कितीतरी वेळ ती खिडकीत उभी राहून त्याच पानाकडे बघत होती, आणि कुणी जवळ आलं की पान उलटत होती.

आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय. रविवारी आपला व्हिडिओ कॉल असतो तेव्हा ती आमच्याकडेच येते. तुम्ही बाकीची नातवंडं दिसता; पण सांची, गेले बरेच रविवार तुझा कॅमेरा बंद असतो. तिने मला विचारलं, पोरीचा मोबाइल बिघडलाय का, आणि मी हो म्हटलं. तिला ते खरं वाटलं नसावं. कारण हल्ली ती कॉलच्या आधी केस विंचरते, आपली खुर्ची गॅलरीच्या दाराकडे वळवते, चष्मा काढते, म्हणजे काचेवर चमक यायला नको, आणि तुला ती नीट दिसावी अशी उजेडाकडे तोंड करून बसते. आम्हाला तिथे काळ्या चौकोनात फक्त तुझं नाव दिसतं. चष्म्याशिवाय तिला तेही वाचता येत नाही. तरी सगळा वेळ ती त्या चौकोनाकडेच बघून बोलत असते.